बीडमधला ज्वालामुखी

नकाशाच्या तक्त्याचं एक टोक हातातून सुटलं आणि अख्खं जग उलगडत वॉर्डाच्या फरशीवर पसरलं. थांबलं ते शेजारच्या खाटेजवळ, एका धुळकट चपलेपाशी.

"मॅडम, पाय पडला असता की..." चपलेचा मालक मागे सरकला.

प्रियदर्शनीला वाकायचंही त्राण नव्हतं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातला तिचा अकरावा दिवस. आईची उजवी बाजू लुळी पडली तेव्हापासून ती स्टुलावरच डुलक्या काढत होती. रजा संपून सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. नववीला भूगोलातले भूपट्ट शिकवायचे होते, आणि आईजवळ बसायला मात्र कोणी नव्हतं.

त्याने तक्ता उचलून तिच्या आईच्या खाटेच्या पायथ्याशी अंथरला. तानाजी. धारूरच्या घाटाजवळचा, शेळ्या राखणारा. त्याची माय बायनाबाई दम्याने शेजारच्या खाटेवर होती.

"ह्या लाल रेघा कसल्या?"

"जमीन अखंड नाही. तिचे तुकडे आहेत, सतत सरकणारे. या त्यांच्या कडा. इथं आपला तुकडा आशियाला धडकला, म्हणून हिमालय उठला. इथं समुद्राच्या तळाशी दोन तुकडे दूर जातात, फटीतून लाव्हा येतो, नवा तळ तयार होतो..."

"आन इथं?"

"इथं नुसते एकमेकांना घासून जातात."

"बोलत बी न्हाईत?"

त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं की तिला हसू फुटलं. अकरा दिवसांतलं पहिलं.

"पर आपल्याकडं रेघ न्हाई," तो म्हणाला. "मंग किल्लारीला कावून हादरलं? तवा मी मायच्या पोटात होतो."

"तिकडे हिमालयापाशी रेटा चालूच आहे. तो आतपर्यंत पोचतो. मग मधली एखादी कच्ची जागा..." तिने आईच्या खाटेकडे पाहिलं. "मधल्यालाही सोसावं लागतं."

तानाजीने तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली.

"तुमी जरा पडा मॅडम. दोघींकडं बगतो मी."

ती व्हरांड्यातल्या बाकड्यावर आडवी झाली. जागी होऊन आत आली तेव्हा खिडकीतलं ऊन पार भिंतीवर चढलं होतं. आईला पेज भरवून झाली होती. तक्त्यावर प्रशांत महासागराभोवती तिचे रंगवायचे राहिलेले ज्वालामुखींचे ठिपके तानाजीने लाल रंगाने नीट भरले होते... आणि एक ठिपका बीड जिल्ह्यात!

"इथं ज्वालामुखी कोणी टाकला?"

"आमचा काळा दगड लाव्ह्याचा हाय म्हणत्यात."

"अहो, त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली!"

"मंग लई उशीर झाला म्हणायचा मला," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. तिने घाईने तक्ता गुंडाळला. गाल उगीचच तापले होते.

शनिवारी बायनाबाईंना घरी सोडलं. तानाजी दारात घुटमळला. "येतो मग..." एवढंच बोलला. खाटेवर दुसरी बाई आली. तो तसाच निघून गेला याचं प्रियदर्शनीला नवल वाटलं नाही. आजवर बघायला आलेल्या दोन्ही स्थळांनी 'लग्नानंतर एकट्या आईचं काय?' विचारलं होतं, आणि पुन्हा कोणी फिरकलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती रजा वाढवण्याचा अर्ज लिहीत होती. समोर सावली पडली.

"शेळ्या भावाकडं देऊन आलो. उद्या तुमी शाळेला जा. मी बसतो."

"का पण?"

"माय म्हणली, त्या पोरीला इचार. मी म्हणलं, आधी तिच्या आईला बरं वाटू दे, मंग इचारू..." तो ओशाळला. "पर आता इचारलंच की."

लाजायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

"आई माझ्याजवळच राहील. कायमची. आत्ताच सांगते."

"ठाव हाय. आमच्या दारातल्या पायऱ्या काढून उतार करावा लागल, चाकाच्या खुर्चीला. गवंड्याला सांगून आलोय."

आईच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. प्रियदर्शनीने ते पदराने टिपलं. मग शेजारच्या स्टुलावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली.