सबाच्या खुर्चीत बसल्यावर

अबोलीने उजव्या पायाला चिमटा काढला. काहीच कळलं नाही. पाय डोळ्यांना दिसत होता, पण आपला वाटत नव्हता. असा पाय जातो तरी कुठे?

डबा खाऊन बालवाडीतली सगळी मुलं हात धुवायला पळाली होती. पाच वर्षांची अबोली मात्र सतरंजीवरच बसून राहिली. जरा वेळाने पायात झिणझिण्या आल्या आणि पाय ठिकाणावर आला. पण भीती काही जाईना. कारण काल अबोली बाईसाहेबांनी एक उद्योग केला होता. मैत्रीण सबा व्यायामाच्या गादीवर असताना ही गुपचूप तिच्या चाकांच्या खुर्चीत बसली आणि चांगल्या दोन गिरक्या मारून आली. सबाला चालता येत नाही. म्हणजे ते आता आपल्याला लागलं, सर्दी लागते तसं. आज थोडं, उद्या सगळं.

सांगायचं तरी कुणाला? वर्गाच्या ताईंना सांगावं, तर खुर्चीचंही सांगावं लागणार.

खेळाच्या तासाला सबाने रोजच्यासारखे हात पुढे केले. एक उभी, एक खुर्चीत, अशी यांची फुगडी सगळा वर्ग बघत बसायचा. आज अबोलीने हात पाठीमागे लपवले. सबाचा चेहरा एवढासा झाला. ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी बसली. अबोलीला रडू आवरेना. सगळ्यात लाडकी मैत्रीण, आणि तिच्याच जवळ जायची भीती.

वर्गातला मदतनीस रोबो ढब्बू गडगडत आला. "काय झालं गं?"

अबोलीने त्याच्या कानाच्या जाळीत सगळं सांगून टाकलं.

ढब्बू हसला नाही. पोटाच्या कप्प्यातून एक मोजा काढून त्याने तिच्या पायात चढवला. "अंगठा हलव बघू."

मोज्यावर उजेडाची रेघ अंगठ्यापर्यंत धावली.

"हा मेंदूचा निरोप. तो चेतातंतूंमधून (निरोप नेणाऱ्या बारीक धाग्यांमधून) येतो. आता डबा खाताना बसली होतीस तशी बस."

अबोली पायावर बसली. बऱ्याच वेळाने रेघ फिकी होत गेली. पाय मोकळा केला, तशी ती पुन्हा उजळली.

"धागा दाबला गेला होता, एवढंच," ढब्बू म्हणाला.

"आणि सबाचं?"

"ते तिचं आहे. तिला विचारायला हवं."

दोघं खिडकीपाशी गेली. "सबा, तुझं न चालणं सर्दीसारखं लागतं का, ते अबोलीला सांगू का?" असं ढब्बूने विचारलं तशी सबा वळली. "मीच सांगते. मी अगदी तान्ही होते तेव्हा माझ्या मेंदूला इजा झाली. म्हणून निरोप नीट निघतच नाहीत. सर्दीचे जंतू असतात, ते याच्याकडून त्याच्याकडे जातात. यात जंतूच नाहीत. तुला कसं लागेल?"

अबोलीचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलं, काल तुझ्या खुर्चीत बसले म्हणून..."

"मला न विचारता?" सबाचा आवाज चढला. "ते माझे पाय आहेत. तुझे पाय कुणी न विचारता नेले तर?"

अबोलीची मान खाली गेली. हा विचार तिच्या डोक्यातच आला नव्हता.  मग ती हळूच म्हणाली, "चुकलं माझं. फुगडी घालायची का?"

"आज नाही," सबा म्हणाली. "उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी अबोलीने चपला काढायच्याही आधी विचारलं. सबाने जरा विचार केल्यासारखं केलं, आणि हो म्हणाली.