बुरुजाच्या नव्या पायऱ्या

"दगडच नरम दिलाय मेल्यांनी," नवरा माझ्या कानाशी पुटपुटला. पडक्या किल्ल्याच्या बुरुजात, जिन्याच्या पहिल्या पायरीशी आम्ही गुडघे टेकून बसलो होतो.

तो गवंडी. मी इथे येणाऱ्यांना किल्ल्याचा इतिहास सांगते. शाळा अर्ध्यात सुटली, पण हा इतिहास माझा मीच वाचून पाठ केलाय. वेढा पडला तेव्हा खालच्या वस्तीतली माणसं या बुरुजात शिरली. वरून कुणीतरी हाका मारत होतं, "या, जागा आहे." चढलेल्यांपैकी कुणी उतरल्याचं कुठे लिहिलेलं नाही. "जागा आवडली असणार!" असं मी म्हणते आणि लोक हसतात. वरचा मजला कधीच कोसळलाय. जिना संपतो तो उघड्या आभाळात.

जुन्या पायऱ्या झिजल्या म्हणून नवऱ्यानं नव्या बसवल्या. खाली साखळी लावून जिना बंद केला. सांध्यांतला चुना अजून पुरता वाळला नव्हता आणि प्रत्येक पायरीच्या मधोमध खळगा पडला होता. माझ्या हाताचा तळवा त्यात अलगद बसला. एवढ्या गार सावलीत दगड कोमट लागला.

"ओल असेल," धाकटा दीर म्हणाला. तो नवऱ्याच्याच हाताखाली काम करतो.

"ओलीनं असा खळगा पडतो होय, भावजी?"

"वहिनी, तुम्ही तुमचा इतिहास बघा ना." बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

नवरा उठला. "शेवटची पायरी बघून येतो."

गवंड्यांची एक रीत असते. चढण्याआधी वर हाक द्यायची आणि वरून होकार आल्याशिवाय पाय टाकायचा नाही, नाहीतर सुटलेला दगड डोक्यात. नवऱ्याच्या अंगात ती इतकी मुरलीय, की घरी माळ्यावर चढतानाही ओरडतो. मी म्हणते, "चढा बाबा, उंदीर हो म्हणाले."

त्यानं साखळी काढली. "येऊ का?"

थांबला. मान तिरकी करून ऐकलं.

मग पायरीवर पाय ठेवला.

मी मागून सदरा धरला. "अहो, वर कुणी नाहीये."

"माहितीय," तो म्हणाला आणि दुसरा पाय उचलला.

सदरा ताणला गेला. शिवण उसवली.

"भावजी, धरा ना त्यांना!"

दीरानं त्याला कमरेला मिठी मारली.

"दादा, नको जाऊस. मलाही रोज बोलावतात. आता एकाचीच जागा राहिलीय म्हणतात."