कौलांवरचं धोतर

"वरच्या वाडीत निघालात का? मग थांबा, मीही येतो. एकट्यानं धापा टाकायचा कंटाळा आलाय."

करवंदीच्या जाळीपाशी तो दगडावर बसला होता. पायांत गमबूट, मांडीवर जुनी बॅग, केसांत गवताची काडी. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. अनोळखी माणसाशी बोलायची माझी इच्छा नव्हती. पण बॅग बघून विचारलंच.

"डॉक्टर आहात?"

"हो. आणि तुम्ही?"

"पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवते."

"मग वर कोणी आजारी असेल तर तुम्ही काय करणार होता?"

"ते... ठरवलं नव्हतं. कापड दिसलं, निघाले."

"मी गुरांचा डॉक्टर," तो उठत म्हणाला. "म्हणजे पेशंट माणूस निघाला तर आपण दोघंही सारखेच निरुपयोगी. चला."

मला हसू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी पुढे झाले.

कापडाची गोष्ट अशी. वरच्या वाडीला रस्ता नव्हता, फोन नव्हता. कोणी आजारी पडलं की तिथली माणसं कड्यावरच्या झाडाला पांढरं कापड बांधत. खाली पोलादपुरात आमच्या दवाखान्याच्या ओसरीवरून ते दिसे, आणि बाबा बॅग उचलून चढायला लागत. एकदा ते भर उन्हात वर पोचले, तर तिथल्या रावजीचं धोतर वाळत होतं. बाबा काही बोलले नाहीत. चहा प्यायले आणि उतरले. तेव्हापासून वाडीत पांढरं काही दरीच्या बाजूला वाळत घालत नाहीत. नवी सून आली की तिला आधी हे सांगतात.

आम्ही दोघं वर गेलो त्या दिवशी कापड बयाबाईनं लावलं होतं. तिची शेळी अडली होती. निषादनं – वाटेत त्यानं नाव सांगितलं होतं – बाह्या सारल्या आणि गोठ्यात बसकण मारली.

"बयाकाकी," मी हळूच म्हटलं, "बाबा आता नाहीत, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"डोल्यांदेखत नेला गो त्याला, ठाऊक नाय कसा? पन कापड लावला की कोनतरी येतंय, ही सवय त्यानंच लावली ना? आनि बघ, आज तर दोघा आलाव."

घटकाभरानं निषादनं एक ओलं, थरथरणारं करडू माझ्या ओंजळीत ठेवलं. "घ्या. हे तुमच्या इतिहासात कुठे बसतंय बघा."

त्यानंतर तो संध्याकाळी दवाखान्यावरून जाताना थांबू लागला. मी कॉलेजातली रजा वाढवून बाबांची कपाटं आवरत असायची. गमबूट तो अंगणातच काढायचा. ओसरीवर बाबांची खुर्ची रिकामी असे, पण तिच्यात तो कधी बसला नाही, पायरीवर बसायचा.

"इरावतीबाई, चहात साखर नाही."

"डॉक्टरांच्या घरचा चहा आहे."

"माझे पेशंट गूळ मागतात आणि मी देतो. शिका काहीतरी."

दुसऱ्या दिवशी मी बशीत गुळाचा खडा ठेवला. त्यानं तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं... आणि खडा उचलून अलगद चहात सोडला.

बाबांशी त्याची वर्षभराची ओळख होती. एकदा म्हणाला, "तुमच्याबद्दल बोलायचे ते. माझी मुलगी कधी काही मागत नाही, म्हणायचे. दुखलंखुपलं तरी कळवत नाही. बापावर गेलीय."

"अभिमानानं?"

"नाही," तो हलकेच म्हणाला. "काळजीनं."

मी कपबशा उचलून आत गेले. बाबांचा शेवटचा दिवस मला कंपाउंडर दत्तारामनं सांगितला होता. सकाळपासून त्यांच्या छातीत दुखत असणार, कारण ते सारखे डाव्या खांद्यावरून हात फिरवत होते. पेशंट तपासले. दुपारी खुर्चीत बसले, नेहमीसारखे कड्याकडे बघत. दत्ताराम शेजारच्याच खोलीत पुड्या बांधत होता. त्याला हाक मारली नाही. मला फोन केला नाही. तासाभरानं दत्ताराम चहा घेऊन गेला, तेव्हा...

मार्गशीर्षात गवत पिवळं पडलं आणि निषादच्या बदलीचा हुकूम आला. नांदेड.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय," पायरीपाशी उभ्यानंच तो म्हणाला. "आज वाडीत शेवटची लस टोचून येतो."

"बरं."

"तुम्हाला काही सांगायचंय?"

"तिकडे थंडी जास्त असते म्हणतात. स्वेटर असू द्या."

गमबुटाला चिकटलेलं कुसळ त्यानं उगाचच काढलं. "असू देतो," म्हणाला, आणि गेला.

वाटेच्या वळणावर तो दिसेनासा झाला. मी बाबांच्या खुर्चीत बसले. समोर तोच कडा. इथून वर बघत बाबांचा जन्म गेला. इथून वर खूण करता येईल, हे त्यांच्या मनातच आलं नसेल? की आलं असेल, आणि कशाला कोणाला त्रास, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं असेल? मी अगदी त्यांच्यासारखीच बसले होते, हात मांडीवर ठेवून.

मी उठले. पेटीतून त्यांचं धोतर काढलं. मागच्या पडवीतली शिडी आणून लावली, आणि ते कौलांवर पसरून कडांना दगड ठेवले.

दोनेक तासांनी कड्याच्या वाटेनं आधी निषाद आला, जवळजवळ धावतच. त्याच्या मागे रावजी आणि आणखी तिघे, खांद्यावर डोली. मग बाया. वाडी अर्धीअधिक रिकामी झाली असावी. सगळ्यात शेवटी गुडघ्यांवर हात टेकत बयाबाई.

"काय झालं?" निषादला श्वास पुरत नव्हता. "कोणाला काय झालं?"

"कोणाला काही नाही. तुम्ही... जाऊ नये, असं वाटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

तो मटकन पायरीवर बसला. "हुकूम आहे, जावं तर लागेल. पण परत इकडे बदलीचा अर्ज करता येतो. तो केला तर थांबाल?"

"थांबेन. तुम्हीही तिकडून काही दुखलंखुपलं तर कळवायचं. मीही कळवीन."

रावजीनं डोली खाली ठेवली. "म्हंजे कोन आजारी नाय?"

"नाय रे," बयाबाई म्हणाली. "तुजा धोतर वालत होता, तेव्हा डाक्तर बोल्ला होता काय? चहा पिऊन गेला. आपन पन पिऊ. टाक गो इरा."

मी आत जाऊन मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. एवढी माणसं, एका कापडावर, कड्यावरून धावत खाली आलेली. निषाद हसत त्यांना काही सांगत होता आणि बाबांची खुर्ची मधोमध रिकामी होती.

बाबा गेले त्या दुपारीही धोतर पेटीतच होतं. शिडीही पडवीतच होती.