इंजिन थंड होईपर्यंत

बर्फाच्या पावसाने वीज गेली तेव्हा आम्ही घाबरलो नाही. केंटकीच्या पूर्व डोंगरांतल्या आमच्या घळीत वीज जाणं म्हणजे आगंतुक पाहुणा येणं. किती दिवस मुक्काम, एवढंच काय ते विचारायचं. शेगडीत ओकची लाकडं होती, पातेल्यात बीन्स शिजत होते, मक्याचा पाव तव्यावर फुलत होता. माझ्या नवऱ्याने, टॅलमेजने, जनरेटर कोठारापलीकडे नेऊन ठेवला. घरापासून चांगला लांब, धुराचं तोंड ओढ्याकडे. जाड वायर खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि उरलेल्या फटीत टॉवेल कोंबला. विषारी वायू आला तर किंचाळणारा डबा सासूबाईंच्या उशाशी टांगला. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. वरच्या घळीतलं एक कुटुंब जनरेटर तळघरात लावून निजलं होतं. त्यांना बाहेर काढताना दार धरून मी उभी होते.

हा सगळा खटाटोप एका यंत्रासाठी. सासूबाई, डेल्फिया, सत्त्याऐंशीच्या. फुप्फुसं पार थकलेली. ऑक्सिजनचं यंत्र त्यांच्या पलंगाशी दिवसरात्र उसासे टाकत असायचं. पेट्रोल संपत आलं की जनरेटर बंद करायचा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, मगच भरायचं. तेवढ्या वेळापुरतं त्यांना छोट्या सिलिंडरवर ठेवायचं. सिलिंडर एकच होतं, आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ.

पहिल्या दुपारी इंजिन बंद केलं. फांद्यांवरचा बर्फ एकमेकांवर किणकिणत होता, तेवढाच काय तो आवाज. मग खालून, चर्चच्या बाजूने, कुणीतरी ओळ दिली.

आमच्या चर्चमध्ये पेटी नाही, पियानो नाही. एकजण उभा राहून ओळ झरझर म्हणून देतो आणि मंडळी ती उचलतात, ओढतात, वळणं देत गातात. मंडळींनी उचलल्याशिवाय तो पुढची देत नाही. प्रवचनाचंही तेच. प्रवचन करणारे ब्रदर, आमच्यात मंडळीतल्या प्रत्येक पुरुषाला ब्रदरच म्हणतात, साधंच बोलायला लागतात, आणि मग देव जवळ आला की बोलण्याला चाल लागते, श्वासागणिक चढत जाते, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागतात. त्या आवाजाइतकं पवित्र मला जगात काही वाटत नाही. म्हणून खोटं कशाला सांगू, ती ओळ ऐकून मला आधी आनंदच झाला.

*काठावरती उभा मी, पाणी झाले शांत.*

"कुणी रेडिओ लावलाय का गं?" टॅलमेज दारातून म्हणाला.

"वीज कुठंय रेडिओला?"

"रेडिओ कसला, मेल्या," आतून आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. "एल्काना आहे. तू कधी चर्चच्या आत पाय ठेवला असतास तर ओळखला असतास. सगळा जन्म बाहेर गाडीत बसून काढलास."

ब्रदर एल्कानांनी आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं ओळी दिल्या. त्यांना आम्ही एप्रिलमध्ये डोंगरावर पुरलं.

आणि आईंनी ओळ उचलली. दोन शब्दांना दमणारी बाई अख्खं कडवं गायली, नाकातली ऑक्सिजनची नळी बाजूला सारून. गाल गुलाबी झाले होते. इंजिन थंड झाल्यावर मी पेट्रोल भरलं, ते चालू केलं, आणि त्या घरघरीत सगळं बुडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. या वेळी आवाज ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून आला. आईंनी दुसरं कडवं उचललं. टॅलमेज तसाच, कोट न घालता, पुलापर्यंत जाऊन आला.

"कोण होतं?"

"बर्फ अख्खा आहे," तो म्हणाला. "माझ्याच बुटांनी काय तो मोडला." शेगडीशी बसून त्याने हात शेकले, बराच वेळ. "आई, गाऊ नकोस आता. दम लागतो तुला."

"दिसतो का लागलेला?" आई हसल्या. "वेडा आहेस. दिलेली ओळ उचलायची असते, लोंबकळत ठेवत नाहीत. आता एकच कडवं राहिलं. मग हात मिळवायचे आणि निघायचं."

आमच्यात शेवटच्या कडव्याला सगळे उठतात आणि एकमेकांचे हात हातात घेतात. जो परगावी निघालेला असतो त्याचा हात सगळ्यात शेवटी.

टॅलमेज मला कोठाराशी घेऊन गेला. इंजिन धडधडत होतं. त्याला माझ्या कानाशी तोंड आणावं लागलं.

"बंद नको करूस, ऑर्लिना. चालू असतानाच भरू. मी नरसाळं धरतो."

"तापलेल्या इंजिनावर पेट्रोल? एक थेंब सांडला तर कोठार, तू आणि मी, सगळं गेलं. तिच्याजवळ मग कोण राहील?"

"मग ओट्यावर आणू. छपराखाली भरायला सोपं जाईल."

"आणि धूर त्याच फटीतून तिच्या छातीत. तुला तिला वाचवायचंय ना?"

सहा फुटी माणूस, लाकूड कापायच्या गिरणीत ओंडके उचलणारा. पण लहान पोरासारखी त्याने माझी बाही धरली. "तिने ते कडवं पुरं केलं तर ती जाईल," तो म्हणाला. "तुलाही ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. मी देवापाशी एवढंच मागितलं, की पेट्रोल संपायच्या आत वीज येऊ दे. दिवेही लावले नाहीत, फक्त यंत्र चालू ठेवलं. पण ऊन कलायच्या आधीच इंजिनाने गचके खाल्ले आणि ते आपणच विझलं.

मी धावले. टॅलमेज आत सिलिंडर लावायला गेला.

इंजिनावर हात धरून पाहिला. भाजत होतं. थांबणं भाग होतं. मी घराकडे परतले आणि खिडकीखाली येऊन उभी राहिले.

फांद्यांची किणकिण थांबली.

ओळ आली. पुलावरून नव्हे. आमच्या ओट्याच्या पायरीवरून, माझ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा आवाज यावा तशी. पायरीवर कुणी नव्हतं.

*हात दे रे भावा, आता घर आले जवळ.*

टॉवेल कोंबलेल्या फटीतूनही मला आईंचा श्वास ऐकू आला. खोल, भरलेला, गाण्याआधी घेतात तसा.

आणि ओळ उचलली गेली.

पण तो आवाज पुरुषाचा होता. खरबरीत, बेसूर, सरळ घशातून. आयुष्यात कधी न गायलेल्या माणसाचा.

"माझी पाळी होती रे," आतून आई रडत म्हणाल्या. "टॅल, माझी पाळी होती."

तो थांबला नाही. प्रत्येक ओळ दिली गेली, आणि आईंनी तोंड उघडायच्या आत त्याने ती उचलली. कडवं संपलं.

दार उघडलं. टॅलमेज ओट्यावर आला.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. उजवा हात पुढे केला, रिकाम्या हवेत.

हात दोनदा वर-खाली झाला. मग तसाच, धरून ठेवल्यासारखा, बराच वेळ स्थिर राहिला.

मी कोठारापलीकडे धावले, इंजिनाला हात लावला. गार. पेट्रोल भरलं, दोरी ओढली, आणि ती घरघर मला कधी नव्हे इतकी गोड वाटली.

वीज संध्याकाळी आली. आई गाढ झोपल्या होत्या, नळी जागेवर, श्वास संथ. टॅलमेज बीन्सची दोन ताटं जेवला.

रस्ते मोकळे झाले त्या रविवारी तो गाडीत बसला नाही. माझ्याबरोबर आत आला आणि पुरुषांच्या बाकाच्या टोकाशी बसला. मंडळींना कोण आनंद. शेवटच्या गाण्याला सगळे उठले, एकेक ब्रदर त्याच्यापाशी आला, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, हसला, "आलास एकदाचा," म्हणाला.

आणि पुढे जाता जाता, स्वतःच्याही नकळत, प्रत्येकाने आपला ओलागार झालेला तळहात विजारीला पुसला.