टोचणीचा आकडा

सिसिलिया रुमावच्या पत्राला फादर एलायस तुस्कानो यांनी उत्तर दिलं नव्हतं. वसईजवळच्या त्यांच्या शाळेत ती धर्मशिक्षणाचे वर्ग घ्यायची. तिने एका घटस्फोटित माणसाशी कोर्टात लग्न केलं. चर्चच्या दृष्टीने त्याचं पहिलं लग्न अजून मोडलेलंच नव्हतं. बिशप हाउसच्या सांगण्यावरून फादरांनी तिला कामावरून काढल्याची नोटीस दिली. ‘फादर, हे तुम्हाला स्वतःला पटतंय का?’ एवढंच तिने पत्रात विचारलं होतं.

आता तोच प्रश्न सरकारही विचारत होतं. नव्या कायद्याने नोकरीत कोणताही भेदभाव करायला बंदी होती. धार्मिक संस्थांना सूट होती, पण निर्णय घेणाऱ्याची श्रद्धा खरी आहे असं साक्षमापक नावाच्या यंत्राने सांगितलं तरच. विवेकाला न पटणारं काही करण्याच्या नुसत्या कल्पनेने मेंदूचा एक भाग तापतो; नावड किंवा आकस असेल तर तो थंड राहतो. हे यंत्र ती धग मोजायचं.

सिसिलियाला कामावर ठेवल्याची कल्पना फादरांना करायला लावून झाली, तशी चाचणी घेणाऱ्या डॉ. अरुंधती सोवनींनी त्यांच्या डोक्यावरची यंत्राची टोपी काढली.

“वा, फादर! एवढा आकडा आजवर कुणाचाच आला नव्हता. शाळेला सूट मिळाली.”

“डॉक्टर, बसण्याआधी मी विवेकतपासणी केली होती.”

“म्हणजे?”

“पापनिवेदनाआधी आम्ही करतो. आपलं काय चुकलं ते आठवायचं. सवयच ती. पण मला आठवत राहिली ती सिसिलिया. तिला काढून मी वाईट केलं, हेच डोक्यात होतं.”

अरुंधतीबाईंनी टोपी टेबलावर ठेवली. “तिला ठेवण्याची टोचणी की काढण्याची, ते यंत्राला कळत नाही. आकडा सारखाच येतो.”

“मग यापेक्षा थर्मामीटर बरा!”

“त्यालाही मलेरिया की टायफॉइड ते कळत नाही, फादर. पण तुम्ही मानता तरी काय?”

“आमच्या शाळेत धर्म कुणी शिकवायचा ते सरकारने ठरवू नये. हे मी आजही मानतो. आणि या बाईच्या बाबतीत आमचं चुकलं, असंही मला वाटतं.”

“मग बोलू नका कुठे. पुढच्या महिन्यात फेरचाचणी आहे. तोवर मन हलकं करू नका. टोचणी गेली की सूट गेली.”

“म्हणजे शाळेसाठी मी अपराधी राहायचं?”

“कायदा त्याला श्रद्धा म्हणतो.”

घरी येऊन फादर लिहायला बसले. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं:

‘सिसिलिया, तुला काढणं मला चूक वाटत होतं. यंत्राने नेमकं तेच मोजलं, आणि तुला काढायची परवानगी दिली. शाळेविरुद्ध कोर्टात जा आणि हे पत्र दाखव.’

नाक्यावरच्या पेटीत त्यांनी पत्र टाकलं. मन हलकं झालं नाही. शाळेचं स्वातंत्र्य आपण आपल्या हाताने घालवलं, ही नवी टोचणी सुरू झाली होती. आणि पुढच्या महिन्यात यंत्र या टोचणीलाही श्रद्धाच म्हणणार होतं.