एदिसनचा ढोल कोणी मुका केला?

एदिसनचा ढोल वाजेना. मिरवणूक निघायच्या बेतात होती. यामिलाने तीनदा बटण दाबलं, पण आतून एकही ठोका आला नाही.

एदिसन हिवाळ्यात गेला. जाण्याआधी त्याच्या हाताचे ठोके यामिलाने टिपून ढोलातल्या यंत्रात भरले होते. आज ते यंत्र आतून कातडं हलवणार होतं आणि हातगाडीवरचा ढोल त्याने वाजवल्यासारखा आपोआप वाजणार होता. त्याचे वडील, अदेमारकाका, एवढ्यासाठीच जगले होते म्हणा ना.

"माझ्या पोराचा हात कुणी तोडला, ते शोध," ते इल्दाताईला म्हणाले. इल्दाताई निवृत्त फौजदार, आमच्याच पालेर्मो मोहल्ल्यातली.

तिने ढोल उघडला. यंत्राच्या प्लास्टिकचा वितळून गोळा झाला होता.

"ठोक्यांची दुसरी प्रत?"

"नाही," यामिला म्हणाली. "काकांनीच करू दिली नाही. म्हणाले, माझ्या पोराचा हात एकच होता."

"ढोलाजवळ कोण होतं?"

"मीच. तारा चुकीच्या जोडल्या, म्हणून जळलं."

"पोरीसारखं वागवलं गं तुला," काका म्हणाले. "हे पांग फेडलेस?"

यामिलाने मान खाली घातली.

इल्दाताईने कातड्यावर टिचकी मारली. टणक. कडेवर बोट फिरवलं, काजळी लागली. कातडं ताणलं जावं म्हणून बाकीचे वादक पेटत्या पुठ्ठ्यांपाशी अजून आपापले ढोल शेकत होते.

"खोटं बोलतेस, पोरी. तारा शाबूत आहेत. धग बाहेरून लागली. हा ढोल शेकायचा नाही, असं तू सगळ्यांना बजावलं होतंस, तरी कुणीतरी शेकला. वैऱ्याने फोडून टाकला असता. याचं कातडं चारी बाजूंनी सारखं ताणलंय. मायेने फिरवत शेकलंय कुणीतरी." ती काकांकडे वळली. "एदिसनचा ढोल आजवर कोण शेकून द्यायचं, काका?"

काकांनी कातड्यावर हात ठेवला.

"थंड कातड्यावर त्याच्या बोटांना भेगा पडायच्या," ते म्हणाले. "जाळ दिसला... गप्पा चालल्या होत्या... मी नेहमीसारखा..."

"मी पाहिलं होतं, काका," यामिला रडत म्हणाली. "थांबवायला धावले, तोवर उशीर झाला होता."

"एकदा देवाने नेलं," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा मी घालवलं. इल्दा, गुन्हेगार सापडला की तुम्ही काय करता गं?"

त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. इल्दाताईने ती धरली आणि भर रस्त्यात ढसाढसा रडली.