मुक्कामाच्या वहीतलं पान

उना, तो नकाशा ठेव बाजूला आणि आधी कॉफी घे. सुट्टी कधी काढायची ते मी सांगते. जूनमध्ये इथले डोंगरातले रस्ते बर्फाने बंद. जुलैत नद्या फुगलेल्या, आणि चिलटं इतकी की बोलायला तोंड उघडायची सोय नाही. सप्टेंबरचा दुसरा आठवडा धर. मेंढ्या डोंगरावरून खाली आणलेल्या असतात, बेरी पिकलेल्या असतात. रात्रीच्या गारठ्याने हिमनदी वितळायची थांबते, म्हणून सकाळी पूल नसलेल्या नद्यांतून गाडी आरामात निघते. हा सगळा आडाखा आमच्या कारीचा. तीस वर्षं संसार केला आणि तीस वर्षं आम्ही तसेच फिरलो. फार मजेत फिरलो.

तीन वर्षांपूर्वी मात्र त्याचे डोळे अधू व्हायला लागले होते. बर्फ पडायच्या आत गाडी चालवणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे ती त्याची शेवटची फेरी. या खेपेला मी चालवते म्हटलं, तर म्हणाला, सोल्वेग, तीस वर्षं तू शेजारी बसून नुसत्या सूचना केल्यास, आणखी एकदा कर. त्याला ती फेरी हवी होती, आणि मला तो धडधाकट परत हवा होता.

नदीच्या अलीकडे प्रवाशांसाठी पत्र्याची खोली आहे. कुलूप नसतं. आत एक शेगडी, दोन बाकं आणि टेबलावर वही. निघताना प्रत्येकाने वहीत नाव, हवा, नदीचं पाणी आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं. कुणी बेपत्ता झालं तर शोधणाऱ्यांना तेवढाच माग. त्या संध्याकाळी आम्ही दोघंच होतो. मटणाचं सूप केलं, पत्ते खेळलो, तो हरला आणि चिडला. पहाटे दक्षिणेचं वारं सुटलं. सप्टेंबरला न शोभणारं, कोमट. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

सकाळी सातला पाऊस थांबला. कारी नदी बघून आला. मधला पांढरा दगड दिसला की गाडी घालायची, अशी आमची खूण. दगड दिसतोय म्हणाला, आणि खुशीत सामान भरायला लागला. मी नोंद करायला वही उघडली.

शेवटची नोंद त्याच दिवसाची होती.

‘११ सप्टेंबर. दुपारचे बारा. पाणी गाडीच्या खिडकीच्या वर. चालत परत आले. एकटी. सोल्वेग.’

अक्षर माझं होतं, डावीकडे कललेलं. पान ओलं होतं आणि त्याला नदीच्या गाळाचा वास येत होता. मी घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं…

मी तशीच बाहेर गेले. नदी करडी, गढूळ, काठाला टेकलेली. दगड कुठेच नव्हता. मधोमध पांढरा फेस उसळत होता.

“दिसला ना दगड?” कारीने मागून विचारलं.

“तो फेस आहे, कारी.”

तो बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला. मग त्याने किल्ली माझ्या हातात दिली. मला रडू आलं. वहीबद्दल मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

दिवसभर आम्ही तिथेच थांबलो. बाराच्या सुमाराला मी दाराकडे तोंड करून बसले होते. दार उघडलं नाही. कुणी आलं नाही. फक्त शेगडीजवळचं रिकामं बाक हळूहळू ओलं होत गेलं, खाली थेंब ठिबकायला लागले. छप्पर गळतंय वाटतं, कारी म्हणाला. आकाश निरभ्र होतं… मी शेगडीत आणखी लाकडं घातली. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवत घरी आणली. येताना ते पान फाडून घेतलं. तेव्हापासून हीटरवर ठेवलंय. हात लावून बघ. तीन वर्षं झाली, वाळत नाही.

कारी आत झोपलाय. घोरणं ऐकू येतंय ना? आता मी चालवते आणि तो शेजारी बसून सूचना करतो, डोकं उठवतो. मी सुखात आहे, उना, खोटं कशाला बोलू? आपण सुखात आहोत याची लाज वाटते ती फक्त या पानापाशी आले की. जी एकटी परत आली तिला मीच वाळवायला ठेवलंय, असं वाटतं.

आज सकाळी खाली आणखी एक ओळ उमटलीय. अक्षर तेच. तूच वाच, चष्मा नाहीये माझ्याजवळ… बरं, आहे. मला वाचवत नाही.

‘कारी तुझ्याकडे आहे का?’

सकाळपासून पेन हातात घेऊन बसलेय. हो लिहिलं तर ती त्याला न्यायला येईल. आणि नाही कसं लिहू? तिलाच कसं फसवू?